हेळव्याच्या वहीत नसलेल्या मुली

आमच्या आजोळी माणसं पोटाने जात. गडहिंग्लज तालुक्यातल्या, हिरण्यकेशीच्या काठच्या त्या गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणेसुद्धा पान जमवता जमवता हळूच विचारून घेत, "पोटाचं ते आता न्हाई न्हवं कुणाला?" दुखण्याला नाव नव्हतं, पण त्याची चाल ओळखीची होती. औत धरणारा धडधाकट माणूस दोन घासांत हात धुऊन उठायला लागे. अंगातला सदरा सैल होई. बघता बघता तो अंथरुणाला खिळे आणि पुढची सुगी त्याला दिसत नसे. "जेवान जाईनासं झालं की आमी समजायचो," आजी सांगायची.

थोरले आजोबा छत्तिसाव्या वर्षी गेले. आजोबांनी पन्नाशी पाहिली नाही. त्यांना मिरजेला नेलं होतं. तिथे पोट उघडलं आणि तसंच शिवून घरी पाठवलं. "उघाडलं आन् शिवलं," एवढीच ती हकिगत, आजी दर पितृपक्षात सांगे. मग मोठा मामा, चौतिसाव्या वर्षी. तेव्हा मी लहान होते, पण सोप्यातली गर्दी आणि मामीच्या मांडीवरचं तान्हं मूल मला आठवतं. ते मूल म्हणजे माझी मामेबहीण. तिच्याच परवानगीने हे लिहिते आहे.

घरात या मरणांचं कारण ठरलेलं होतं. पणजोबांच्या काळी सामाईक विहिरीच्या पाळीवरून भावकीशी भांडण झालं, बांधावर हळदकुंकू माखलेला नारळ आणि टाचण्या टोचलेलं लिंबू सापडलं, आणि त्यानंतर घरात पोटाची दुखणी शिरली, अशी ती कथा. देवऋषी दर वेळी एकच सांगे: काहीतरी खाण्यातून घातलंय. त्यामुळे शेजारच्या चुलत घरचं पाणीसुद्धा आमच्याकडे कुणी प्यायचं नाही. भिंत एक, परडं एक, आणि तीन पिढ्या बोलणं बंद. मामा गेल्यावर त्यात आणखी एका कारणाची भर पडली. मामी पांढऱ्या पायाची. सत्ताविसाव्या वर्षी विधवा झालेली ती बाई पुढची कित्येक वर्षं कुणाच्या डोहाळजेवणाला पुढे आली नाही, की कुणाच्या बारशाला पाळण्याजवळ गेली नाही.

या कथांना मी खोटं म्हणणार नाही. त्यांच्यात एक पक्कं निरीक्षण होतं: हे दुखणं घराण्यात फिरतं, तरण्या वयात येतं आणि घास अडवून येतं. डॉक्टरांच्या पुस्तकात ते नोंदलं जाण्याआधी आमच्या म्हाताऱ्यांनी ते पाहून ठेवलं होतं. कारण तेवढं त्यांनी भलतीकडे शोधलं, आणि त्याची किंमत भावकीने आणि मामीने मोजली.

आजोळी पिढ्यांची आठवण ठेवणारा माणूस वेगळाच होता. सुगी आटोपली की काही वर्षांतून एकदा बेळगावकडून हेळवी यायचा. झूल घातलेला बैल, त्याच्या गळ्यात घंटा, पाठीवर वह्यांचं गाठोडं. सोप्यात घोंगडं अंथरलं जाई. मग तो आमच्या कुळीचं मूळ गाव, कुळदैवत आणि मूळ पुरुषापासूनच्या पिढ्या एका लयीत म्हणू लागे. अमक्याला तीन लेक, त्यातला धाकटा दत्तक गेला. तमक्याला दोन, त्यातला एक प्लेगात गेला. नव्या मुलग्याची नोंद तो वहीत करी, शिधा आणि धोतरजोडी घेई आणि शेजारच्या दारात जाऊन तीच कुळी पुन्हा म्हणे, कारण भावकी झाली तरी मूळ पुरुष एकच. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातल्या कितीतरी गावांचा वंशेतिहास या लोकांनी पाठांतरावर आणि वह्यांवर तोलून धरला. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे.

पण आमच्या पानांवर मुली नव्हत्या. घरात जन्मलेली मुलगी दिल्या घरी जायची, म्हणून इथल्या वहीत तिची नोंद नाही. सासरी ती सून, म्हणून तिथल्या वहीत तिच्या माहेरची कुळी नाही. ती दोन्हीकडून पुसली जाई. हे केवढं मोठं भगदाड आहे ते आम्हाला कळलं दादाच्या आजारपणात.

दादा म्हणजे मामेबहिणीचा थोरला भाऊ. पुण्यात नोकरीला होता. बत्तिसाव्या वर्षी त्याचं जेवण कमी झालं. पित्त म्हणून गोळ्या झाल्या, मग एंडोस्कोपी, मग बायोप्सी. अहवालात लिहिलं होतं: जठराचा विखुरलेल्या प्रकारचा कर्करोग, सिग्नेट रिंग पेशी. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी खड्याच्या अंगठीसारख्या दिसतात, म्हणून हे नाव. तोवर तो पोटाबाहेर पसरला होता. डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला?" दादाने मिरजेची हकिगत सांगितली. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली आणि म्हणाले, "आनुवंशिकीच्या समुपदेशकांना भेटा. आणि घरातलं सगळ्यांत जुनं माणूस बरोबर घेऊन जा."

म्हणून आजी गेली. नऊवारी, हातात कापडी पिशवी, पिशवीत कुणालातरी द्यायला आणलेल्या शेंगा. समुपदेशक मुलगी तिच्या नातीच्या वयाची. तिने कोरा कागद आडवा धरला आणि काढायला सुरुवात केली: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजार झालेल्याचा आकार काळा, वारलेल्यावर तिरकी रेघ. थोरले आजोबा, आजोबा, मामा, दादा. पुरुषांची नावं आजीने हेळव्याच्या क्रमानेच सांगितली. ती संपली तेव्हा मुलीने विचारलं, "आजी, आणि मुली?"

"त्या दिल्या घरी गेल्या."

"तरी सांगा ना."

आजीला त्या गावांवरून आठवत होत्या. निपाणीला दिलेली थोरली नणंद. तिला काय झालं? "छातीत गाठ हुती. कुणाला दावली न्हाई तिनं. कळलं तवा सगळं संपल्यालं." संकेश्वरला दिलेली धाकटी नणंद बाळंतपणानंतर वर्षाच्या आत गेली, आणि तिच्या मुलाचा ओठ जन्मतः फाटलेला होता. "गिराणात भाजी चिरली म्हणत्यात तिनं. गर्भारपणी चिरू न्हाई." इथे समुपदेशक लिहायची थांबली. तिने आजीला ते पुन्हा सांगायला लावलं. स्तनाच्या ग्रंथींतला लोब्युलर नावाचा कर्करोग आणि जन्मतः दुभंगलेला ओठ किंवा टाळू, या दोन्ही गोष्टी पोटाच्या या आनुवंशिक कर्करोगाच्या काही घराण्यांत आढळतात. ग्रहणाची म्हणून सांगितलेली गोष्ट त्या कागदावर पुरावा होऊन बसली.

शेवटी पणजी. आजी त्या घरात सून म्हणून आली त्याच्या खूप आधी ती वारलेली. "पर शेजारच्या म्हाताऱ्या सांगायच्या, तिलाबी शेवटी पेज उतरत नव्हती." पणजोबा नव्वदी गाठून गेले. त्यांच्या भावांच्या घरी, म्हणजे ज्या भावकीवर आम्ही करणीचा आळ घेतला तिथे, पोटाने कुणीच गेलं नव्हतं. कागद पुरा झाला तेव्हा सगळ्यांत वर पणजोबांचा चौकोन कोरा होता आणि त्याच्या शेजारचं वर्तुळ काळं. आजार पणजीबरोबर आला होता. तिचं माहेर कुठलं, हे घरात एकालाही सांगता आलं नाही. घटप्रभेकडचं कुठलंतरी गाव, एवढंच.

दादाच्या रक्ताची तपासणी झाली. सीडीएच-१ नावाच्या जनुकात दोष सापडला. त्याच वर्षी दादा गेला.

ज्या तपासणीने आमच्या घराचं कोडं उलगडलं, तिच्यामागेही म्हाताऱ्या माणसांनी जपलेली एक वंशावळ आहे. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, बे ऑफ प्लेंटीच्या किनाऱ्याला टौरंगा नावाचं बंदर आहे आणि त्याला लागून माउंट माउंगानुई हे गाव. तिथल्या एका मोठ्या माओरी कुटुंबात तीसेक वर्षांत पंचविसाहून जास्त माणसं जठराच्या कर्करोगाने गेली. त्यातलं सर्वांत लहान १४ वर्षांचं होतं. माओरी कुटुंबात असा कर्करोग आढळल्याची नोंद १९६४ सालीच न्यूझीलंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. पण पुढची तीस वर्षं अंत्यविधी होत राहिले. आपल्याकडच्या करणीसारखी माओरींत माकुतूची कल्पना आहे. एवढी मरणं पाहिल्यावर घरातल्या काहींना हा माकुतूच वाटायचा.

१९९० च्या दशकाच्या मध्यात या कुटुंबाने स्वतःच पाऊल उचललं. दक्षिण बेटावर ड्युनेडिनला असलेल्या ओटागो विद्यापीठातल्या कर्करोग संशोधकांकडे ते गेले. काम सोपं नव्हतं. माओरी श्रद्धेत शरीर तापू असतं, पवित्र आणि राखलेलं. रक्त परक्याच्या हाती द्यायचं तर घरातल्या वडीलधाऱ्यांची मान्यता हवी. वंशावळ हे तर घराण्याचं धन. ती संशोधकांपुढे मांडायची की नाही, हेही त्यांनीच ठरवायचं होतं. त्यांनी ठरवलं. माउंट माउंगानुईच्या किमिहाउओरा या आरोग्य केंद्रातून नातेवाइकांचा माग काढणं, कोण कशाने गेलं ते विचारणं, रक्ताचे नमुने जमवणं हे काम चाललं.

माओरी वंशावळीला फाकापापा म्हणतात. तीही तोंडपाठ असते, मराएवर म्हणजे त्यांच्या सभास्थानी म्हटली जाते, आणि माणूस तिच्या आधाराने आपलं कूळ, आपली जमीन आणि आपला डोंगर सांगतो. पण तिच्यात एक गोष्ट आमच्या हेळव्याच्या वहीपेक्षा वेगळी आहे. फाकापापात माणूस आपली मुळं बापाकडूनही सांगू शकतो आणि आईकडूनही. आजीची आजी तिच्यात असते, आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीची लेकरंही असतात. त्यामुळे ड्युनेडिनच्या प्रयोगशाळेपुढे अर्धी नव्हे, अख्खी वंशावळ आली.

पुढचं काम वैज्ञानिक पॅरी गिलफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. आजारी पडलेल्या सगळ्यांत समान असलेला आणि इतरांत नसलेला गुणसूत्राचा तुकडा कोणता, हे ते वंशावळीवर रक्ताचे नमुने मांडून शोधत होते. वंशावळ जितकी पुरी, तितकं हे कोडं लवकर सुटतं. विखुरलेल्या प्रकारच्या जठरकर्करोगाच्या पेशींत ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन हरवलेलं असतं, हे आधी ठाऊक होतं. ते बनवणारं सीडीएच-१ हे जनुक सोळाव्या गुणसूत्रावर आहे. दोष तिथेच सापडला. आणखी दोन माओरी कुटुंबांतही त्याच जनुकात दोष मिळाले. मार्च १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या लेखकांच्या यादीत विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांबरोबर माउंट माउंगानुईच्या केंद्रातल्या माणसांची, त्या कुटुंबातल्यांची नावंही होती. ज्यांनी आपली मेलेली माणसं मोजली, ती माणसं शास्त्राच्या पानावर लेखक म्हणून आली.

ई-कॅडहेरिनचं काम दगडी भिंतीतल्या चुन्यासारखं आहे. एका पेशीला शेजारच्या पेशीशी ते धरून ठेवतं. आपल्याला या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. या घराण्यांतल्या माणसाची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते. पुढे जठराच्या एखाद्या पेशीत दुसरी प्रतही निकामी झाली की ती पेशी शेजाऱ्यांपासून सुटते आणि अस्तराखाली एकटीदुकटी सरकत राहते. वर गाठ नाही, जखम नाही. एंडोस्कोपीच्या कॅमेऱ्याला गुलाबी, निरोगी अस्तर दिसतं आणि आजार त्याच्या खाली असतो. रोग्याला त्रास व्हायला लागतो तेव्हा बहुधा मिरजेच्या त्या डॉक्टरांसारखं उघडून शिवणंच हाती उरतं. बिघडलेली प्रत लेकराकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, आणि लेकरू मुलगा आहे की मुलगी याच्याशी तिला काही देणंघेणं नाही.

धोका किती? सुरुवातीला अभ्यासलेल्या, आजाराने पोखरलेल्या घराण्यांत पुरुषांसाठी तो आयुष्यभरात ७० टक्क्यांच्या घरात मांडला गेला. पुढे जास्त घराणी तपासल्यावर आकडा खाली आला; २०१९ च्या एका अभ्यासात ऐंशीव्या वर्षापर्यंत पुरुषांत सुमारे ४२ आणि स्त्रियांत सुमारे ३३ टक्के. स्त्रियांना त्याशिवाय स्तनाच्या त्या कर्करोगाचा धोका साधारण ४० टक्के. निपाणीच्या आत्याआजीची लपवलेली गाठ आता मला वेगळी दिसते.

कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या आजारावर उपाय म्हणून जठर आधीच काढून टाकायचं, हा विचार इथून पुढे आला. पोटाशिवाय माणूस जगू शकतो, हे शल्यचिकित्सकांना ठाऊक होतं. १८८१ मध्ये व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोगाने धरलेला जठराचा भाग यशस्वीपणे काढला. १८९७ मध्ये झुरिकला कार्ल श्लाटर यांनी एका बाईचं अख्खं जठर काढलं आणि ती त्यानंतर वर्षाहून अधिक काळ जगली. पण ती आजारी माणसं होती. कसलाही त्रास नसलेल्या माणसाचं जठर काढायचं, हे नवीन होतं. २००१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अशा ५ जणांची हकिगत आली. सगळे तरुण, तक्रार कसलीच नाही, जनुकात मात्र दोष. काढलेली पाचही जठरं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा पाचांतही कर्करोगाची सुरुवात झालेली होती. त्यानंतर जगभर अशा शस्त्रक्रिया झाल्या आणि बहुतेक जठरांत तेच सापडत गेलं. २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये ज्या घराण्यांत आजार सिद्ध झाला आहे, तिथे दोष असलेल्यांनी विशी ते तिशीच्या दरम्यान ही शस्त्रक्रिया करण्याचा विचार करावा असं म्हटलं आहे. ज्यांची तयारी नाही त्यांच्यासाठी अनुभवी केंद्रात दरवर्षी एंडोस्कोपी आणि अस्तराचे तीसेक नमुने, हा दुसरा मार्ग आहे.

न्यूझीलंडमध्ये हा आजार आज अनेकांना माहीत आहे, त्यामागे गायक स्टॅन वॉकर याचाही वाटा आहे. तो माओरी आहे, 'ऑस्ट्रेलियन आयडल' जिंकलेला. आजोबा याच आजाराने गेलेले. त्याच्यातही हाच दोष निघाला आणि २०१७ मध्ये त्याचं जठर काढलं. ते दिवस त्याने कॅमेऱ्यापुढे जगून दाखवले. २०१८ मध्ये तो माहितीपट लोकांनी पाहिला. आपल्या घराण्याचं दुखणं असं चारचौघांत सांगायला छाती लागते.

आमच्याकडे माझ्या आईची तपासणी निर्दोष आली, त्यामुळे ते माझ्यापर्यंत आलंच नाही. मामेबहिणीची सदोष आली. तिशी गाठलेली, नोकरी करणारी, नुकतं लग्न झालेलं. तिची एंडोस्कोपी अगदी स्वच्छ होती. मामीला हे पटेना. "काहीच झालं नसताना पोट काढायचं? देवानं दिलेलं?" तिचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, जगातल्या अशा प्रत्येक घरात तो विचारला गेला असेल. त्याला उत्तर आजीने दिलं. "ह्यांचं उघाडलं आन् शिवलं, कारण उशीर झाला हुता. हिचं उशीर व्हायच्या आधी उघडा."

मुंबईत शस्त्रक्रिया झाली. जठर पूर्ण काढून अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडतात. लोझानचे शल्यचिकित्सक सेझार रू यांच्या नावाने ओळखली जाणारी ही जोडणी शंभराहून अधिक वर्षांची आहे. काढलेल्या जठराचा अहवाल आला तेव्हा मामी वाचायला घाबरत होती, म्हणून मी वाचला. कॅमेऱ्याला स्वच्छ दिसलेल्या अस्तराखाली सिग्नेट रिंग पेशींचे तीन बारीक पुंजके होते. पुढे कुठे गेलेले नव्हते. मामीने कागद हातात घेतला आणि तो दादाच्या फोटोपाशी नेऊन ठेवला.

त्यानंतरचं वर्ष कठीण गेलं, आणि ते कठीण असतं हे प्रत्येकाला आधी सांगायला हवं. अन्न साठवायची पिशवीच नाही, म्हणून दिवसातून सात-आठ वेळा थोडं थोडं खायचं. वाटीत मऊ भात आणि घट्ट वरण, चहाच्या चमच्याने; प्रत्येक घास तोंडातच पातळ होईपर्यंत चावायचा. पाणी जेवणाबरोबर नाही, नंतर. पर्समध्ये उकडलेलं अंडं, थालीपिठाचा चतकोर, मूठभर दाणे. गोड पदार्थ सरळ आतड्यात उतरतो, म्हणून पुरणपोळीच्या चार घासांनी छाती धडधडते, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. बी-१२ जीवनसत्त्व शोषायला लागणारं प्रथिन जठरात तयार होतं, त्यामुळे त्याचं इंजेक्शन जन्मभर. लोह आणि कॅल्शियम यांच्यावर कायम लक्ष. वजन बरंच उतरतं आणि मग कुठेतरी स्थिरावतं.

सगळ्यांत जड गेलं ते मामीला. दोन घासांत ताटावरून उठणारी माणसं तिने पाहिली होती, आणि तसं उठणं म्हणजे काय हे त्या घरात तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? लेक चार चमचे खाऊन वाटी बाजूला ठेवायची की मामीचा हात थरथरायचा. मग तिने स्वतःच घड्याळ लावून घेतलं. दर दोन तासांनी वाटी. त्या वाट्यांनी लेकीला उभं केलं. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या वर्षी मामेबहिणीला मुलगी झाली. ती सज्ञान झाली की तपासणी करायची की नाही ते तीच ठरवेल; तिच्यासाठी तो चौकोन-वर्तुळांचा कागद जपून ठेवला आहे.

आजीने शेवटच्या काळात दोन कामं केली. पहिलं, सगळ्यांसमोर मामीला जवळ घेऊन ती म्हणाली, "तुज्या पायात काय बी नव्हतं गं पोरी." दुसरं, शेजारच्या चुलत घरी ती स्वतः गेली आणि तिथलं पाणी मागून प्याली.

राहिलेलं काम आम्ही पोरींनी हाती घेतलं. निपाणीच्या आत्याआजीच्या घराशी येणं-जाणं तुटलं होतं. शोधत गेलो. तिच्या नातवंडांना कल्पनाही नव्हती, कारण त्यांच्या घरच्या सगळ्या आठवणी आजोबांच्या बाजूच्या होत्या. दोघांनी तपासणी केली. एकाची निर्दोष आली, एकीची सदोष. ती आता दरवर्षी तपासणी करून घेते. तिला सावध करणारी खूण तिच्या आजीच्या माहेरच्या वंशात होती, आणि तो वंश कुठल्याच वहीत नव्हता.

नेपोलियनची एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. त्याचे वडील १७८५ मध्ये जठराच्या कर्करोगाने गेले होते. १८२१ मध्ये सेंट हेलेना बेटावर मरणपंथाला लागल्यावर त्याने डॉक्टरांना सांगून ठेवलं की मेल्यावर माझं जठर नीट तपासा आणि जे दिसेल ते माझ्या मुलाला कळवा. त्याचा आजार आनुवंशिक नसून जुनाट जंतुसंसर्गातून आलेला असावा, असं अलीकडच्या एका अभ्यासाचं मत आहे. ते असो. आपल्या मरणाचं कारण पुढच्या पिढीला कळलं पाहिजे, ही त्याची समज मोलाची होती.

वाचकांना विनंती आहे की हे वाचून घाबरू नका. जठराच्या शंभर कर्करोगांपैकी असे आनुवंशिक एक ते तीनच असतात. बाकीच्यांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू, तंबाखू आणि खारवलेलं अन्न अशी कारणं असतात. पण घरात जठराच्या कर्करोगाचे दोन जण असतील, कुणाला पन्नाशीच्या आत विखुरलेल्या प्रकारचा झाला असेल, किंवा एकाच घराण्यात हा आणि स्तनाचा लोब्युलर कर्करोग दोन्ही असतील, तर आनुवंशिकीच्या समुपदेशकांना भेटा. टाटा मेमोरियलच्या खारघर इथल्या ॲक्ट्रेकमध्ये कर्करोग आनुवंशिकीचा विभाग आहे. शक्य असेल तर तपासणी आधी आजारी माणसाची करा, मग घरातल्या इतरांची.

आणि त्याआधी, घरातलं सगळ्यांत जुनं माणूस बोलतंय तोवर, वही घेऊन त्याच्यापाशी बसा. कोण कितव्या वर्षी गेलं, जाताना काय होत होतं, कुणाला कुठे नेलं होतं, सगळं लिहून घ्या. करणी सांगितली तरी लिहा, ग्रहण सांगितलं तरी लिहा. त्याचा अर्थ लावणारं माणूस पुढे भेटेल. त्या वहीत दिल्या घरी गेलेल्या मुलींची नावं, त्यांच्या सासरच्या गावासकट आणि त्यांच्या लेकरांसकट, आवर्जून लिहा.